शेपटीवर भाऊ

लालबागच्या रामजी बिल्डिंगमध्ये जयवंत खवणेकरांना सगळे पायलट म्हणायचे. ते कधी विमान चालवायला बसले नव्हते हे लोकांना ठाऊक होतं, आणि तेही तसा दावा करत नसत. "पायलट नाय रे, पायलट पुढे बसतो," ते नम्रपणे सांगायचे. "आपलं डिपार्टमेंट शेपटीचं." त्या नम्रपणामुळे ते आणखी खरं वाटायचं.

हे डिपार्टमेंट त्यांनी गिरगावात उघडलं, कांताला बघायला गेले त्या दिवशी. कांताच्या काकांनी सोफ्यावर दोन्ही बाजूंनी बसून विचारलं, विमानतळावर नक्की काय करता. खरं उत्तर असं होतं की एका केटरिंग कंपनीत आहे, जेवणाच्या ट्रॉल्या मागच्या दाराने विमानात चढवतो, रिकाम्या उतरवतो आणि चमचे मोजून परत देतो. पण काका टाय लावणाऱ्या कचेऱ्यांतले, आणि पोह्यांवर ओलं खोबरं हात सैल सोडून घातलेलं. जयवंत म्हणाले, "विमानाच्या शेपटीची देखभाल माझ्याकडे असते." काकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने आणखी पोहे वाढायला सांगितले. लग्न ठरलं.

कांताला खरं कळायला महिनाही लागला नाही. नवरा शेपटीची देखभाल करून घरी येतो आणि खिशातून लोण्याच्या वड्या नि मिरपुडीच्या पुड्या काढतो, एवढं पुरेसं होतं. तिने आरडाओरडा केला नाही. नवऱ्याचं खोटं तिने बाहेर जपलं आणि घरात वापरलं. शेजारणींना ती सांगायची, "ह्यांना आज उशीर होईल, शेपटी आलीय मोठी." आणि घरात भात करपला तरी जयवंतांनी चकार शब्द काढायचा नाही, असा अलिखित करार होता.

जयवंत निवृत्त झाले तेव्हा बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द विमानांच्या बाबतीत शेवटचा झाला होता. टीव्हीवर जगात कुठेही विमान पडल्याची बातमी आली की गॅलरीतले लोक त्यांच्या दारात जमायचे. जयवंत बातमी शेवटपर्यंत ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "शेपटीत हवा अडकली असणार." लोक सुस्कारा सोडून घरी जायचे. मेलेल्यांचं वाईट वाटायचं, पण कारण कळल्याचं समाधान व्हायचं.

तर या जयवंतांवर निलेशची नजर पडली. निलेश फ्लॅटची दलाली करायचा आणि बिल्डिंगच्या उत्सव मंडळाचा सेक्रेटरी होता. दोन्ही कामांत त्याला लोकांच्या घरातलं कळायचं. जूनमधल्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा बाप्पाचं आगमन होईल तेव्हा विमानातून पुष्पवृष्टी. ड्रोन काय, आता बारशालाही आणतात. आपण विमान उडवायचं. गच्चीवरून सोडायचं, मैदानावर फेरी, बाप्पावर फुलं, आणि मंडपापाशी लँडिंग. इंजिनबिंजिन नको, रिमोटवरचं ग्लायडर. बाहेरचा माणूस कशाला, आपल्याकडे घरचा आहे."

सगळ्यांनी जयवंतांकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. रामजी बिल्डिंगच्या इतिहासात कुठलाही ठराव इतक्या एकमताने पास झाला नव्हता. पाण्याच्या टाकीचा ठराव नव्वद सालापासून पडून होता. जयवंतांना हे जरा विचित्र वाटायला हवं होतं. पण टाळ्या आपल्यासाठी असल्या की माणूस त्या मोजतो, तपासत नाही.

घरी आल्यावर ते चपला न काढताच खुर्चीवर बसले. कांता तांदूळ निवडत होती.

"आता काय करतलात?" तिने वर न बघता विचारलं. एरवी ती शुद्ध बोलायची, मजा वाटली की मालवणीत जायची.

"मला काय माहीत, शेपटी काय करते ती. मी खाली उभा राहायचो तिच्या."

"तर मग सांगा जाऊन तसा."

"आता? सगळ्यांसमोर? ते पडलं ना कांता, तर मी संपलो. या बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मेलो तर बरं."

"मरा," कांता म्हणाली, "पण गणपती होऊ दे. गावच्या गणपतीला सुतक येईल."

दुसऱ्या दिवशी जयवंत दादरला गेले. त्यांच्या जुन्या शिंप्याने सांगितलं होतं की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी टिपणीस सर म्हणून बसतात, इंजिनियरिंग कॉलेजात विमानं शिकवायचे. ओळखायचे कसे, असं विचारल्यावर शिंपी म्हणाला होता, "ज्यांच्या शेजारी कोणी बसलेलं नसेल ते."

रमाकांत टिपणीस तसेच बसले होते. पांढरी अर्धी विजार, पांढरे मोजे, आणि चेहरा असा की समोरचा नापास होणार हे आधीच ठरलेलं. जयवंतांनी सांगायला सुरुवात केली, "सर, मी विमानतळावर शेपटीच्या डिपार्टमेंटला..."

"हात बघू," टिपणीस म्हणाले. त्यांनी जयवंतांचे तळवे उलटसुलट करून पाहिले. "ट्रॉली ओढायचात. बोटांच्या मुळाशी घट्टे आहेत. कार्गो की केटरिंग?"

जयवंतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "केटरिंग."

"उत्तम. कोरी पाटी. माझ्या विद्यार्थ्यांना निदान चुकीचं तरी येत असायचं." त्यांनी पायाशी पडलेली कापडी पिशवी जयवंतांच्या हातात दिली. "भाजी घ्यायची आहे. चालता चालता बोलू. पिशवी डाव्या हातात धरा, वांगी चेपतात."

अशी शिकवणी सुरू झाली. टिपणीस पैसे घेत नसत. ते पिशव्या द्यायचे, दूध आणायला लावायचे, आणि जयवंतांच्या प्रत्येक प्रश्नानंतर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो प्रश्न पुन्हा ऐकवायचे. "अहो, हे केटरिंग काय विचारतंय ऐका. म्हणे शेपटी विमानाला मागून उचलून धरते का." मॉर्निंग वॉकवाले हसायचे. जयवंतही हसायचे. चेहरा कुठे ठेवायचा हा प्रश्न हसल्यावर सुटतो.

"उचलत नाही, दाबते," टिपणीस मग सांगायचे. "नीट ऐका, मी गाढवांना दोनदा शिकवत नाही. विमानाचा भार पंखाच्या जरा पुढे ठेवलेला असतो. म्हणजे त्याचं नाक सारखं खाली जायला बघतं. शेपटीची आडवी पट्टी मागे बसून खाली दाबते, म्हणून नाक जागेवर राहतं. एवढंच काम. जन्मभर खाली दाबत बसायचं. नाक वर गेलं की शेपटी त्याला वाकवते, खाली गेलं की उचलते. तिचं वजन नगण्य, पण ती लांब बसलेली असते म्हणून तिची सत्ता. सासू गावाला राहून घर चालवते तसं."

"आणि भारच शेपटीकडे सरकला तर सर?"

टिपणीस प्रथमच थांबले. प्रश्न बरा होता, त्यामुळे त्यांना राग आला. "तर नाक वर जातं. आणखी वर जातं. शेपटी आवरायला बघते, पण तिच्या हातात काही उरत नाही. विमान हवेत उभं राहतं, वेग संपतो, पंख सोडून देतात. मग तुमचं केटरिंग सगळं जमिनीवर. म्हणून सोडण्याआधी बोटांवर तोलायचं. पंखांखाली दोन बोटं, नाक जरासं खाली झुकलं तर सोडा. शेपटी झुकली तर घरी जा."

जयवंतांचं पहिलं ग्लायडर फोमच्या शीटचं होतं, दोन्ही हात पसरले तर जेवढं होईल तेवढं. ते क्रिकेटच्या नेटवर जाऊन अडकलं. दुसरं एका आजोबांच्या टोपीत घुसलं. टिपणीस प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायचे. पण पावसाने उघडीप दिली की जयवंत यायचेच. नाकात भरायला त्यांनी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाऊन जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. आडवी पट्टी मोठी केली, मग शेपटीचा दांडा लांब केला आणि पट्टी पुन्हा छोटी केली. रिमोटने पट्टीची मागची कड किती हलते हे ते तासन् तास बघत बसायचे. कड जरा वर गेली की शेपटी जास्त दाबते आणि नाक उठतं. कड खाली आली की नाक झुकतं. जरा जास्त हलवलं तर विमान दारुड्यासारखं झिंगतं, कमी हलवलं तर सरकारी बाबूसारखं ऐकत नाही.

आणि मग एक दिवस ते उडलं. हातातून सुटलं, जरा झुकलं, सावरलं, पार्कवर मोठा गोल घेतला आणि जयवंतांच्या पायाशी येऊन गवतावर बसलं. जयवंतांनी ते उचलून त्याच्यावरचं गवत झटकलं. परत येताना बसमध्ये ते खिडकीतून कावळे बघत होते. कावळा तारेवर बसताना शेपटी पसरून खाली का ओढतो, हे त्यांना कळत होतं. जन्मभर ज्याच्याबद्दल बोलले त्यातलं त्यांना पहिल्यांदा काहीतरी कळत होतं, आणि ते सांगायला माणूस नव्हता, कारण सगळ्यांच्या मते त्यांना ते आधीपासूनच येत होतं.

त्यांच्या हातून एकच चूक झाली. माणूस कृतज्ञ होता. त्यांनी टिपणिसांना आगमनाचं आमंत्रण दिलं.

आगमनाच्या रविवारी आभाळ मोकळं होतं. मैदानात बाप्पाची मूर्ती ट्रॉलीवर उभी होती, बाजूला स्टेज, स्टेजवर विभागाचे भाऊ. भाऊ कुठल्या पक्षाचे हे लोक विचारत नसत, ते दर दोन वर्षांनी आपोआप कळायचं. गर्दी मात्र जयवंतांना समजेना. ठाणे, डोंबिवली, विरार, जिथे जिथे बिल्डिंगमधली माणसं राहायला गेली होती तिथून ती आली होती. दहा वर्षं पाय न ठेवलेले लोक पुढच्या खुर्च्यांवर बसले होते आणि सगळ्यांचे फोन आधीच हातात होते.

जयवंत चार जिने चढून गच्चीवर गेले. कांता विमानाला ओवाळायला ताट घेऊन आली होती. आणि विमानापाशी मंडळाचा संघर्ष नावाचा कार्यकर्ता गोंदाची ट्यूब घेऊन बसला होता.

शेपटीची उभी पट्टी मोठी, सपाट आणि कोरी होती. लालबागमध्ये अशी जागा कोरी ठेवत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स लावला होता, आणि तो वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याला लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. फ्लेक्सवर भाऊ हात जोडून उभे होते आणि त्यांच्याभोवती शुभेच्छुकांचे गोल चेहरे. निलेशचा चेहरा भाऊंच्या कोपरापाशी होता.

जयवंतांनी विमान पंखांखाली दोन बोटांवर धरलं. शेपटी धाडकन खाली गेली.

"हे काढ," ते संघर्षला म्हणाले.

"काय बोलता दादा. भाऊ खाली बसलेत."

"खाली बसू दे, शेपटीवर नको. मागे वजन झालं रे. नाक वर करील आणि तिथेच पडेल."

संघर्षने निलेशला फोन लावला. निलेश वर आला, पांढरा कुर्ता, कपाळाला गुलाल. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, एवढी वर्षं शेपट्या सांभाळल्यात," तो म्हणाला, "एक भाऊ जड झाला?"

"निलेश, चेष्टा नाही. हे पडणार."

"पडू दे की." निलेश पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. "दादा, आता ऐका. माझा मेव्हणा तुमच्याच कंपनीत लागलाय, दीड वर्ष झालं. कॅन्टीनमध्ये तुमच्या सेंडऑफचा फोटो आहे म्हणे, डोक्यावर टोपी, हातात ट्रे. आख्ख्या बिल्डिंगला माहितीय. ती तळमजल्यावरची म्हातारी आहे ना, ऐकू येत नाही ती, तिलाही लिहून दाखवलंय."

जयवंतांनी कांताकडे पाहिलं. कांता ताटातली वात सारखी करत होती.

"मग हे सगळं कशाला?" जयवंतांनी विचारलं.

"मजा म्हणून. वाईट नका वाटून घेऊ. देखावे काय, सगळीकडे असतात. लोक डोंबिवलीवरून देखावा बघायला येत नाहीत, तुमचं विमान पडताना बघायला आलेत. असं पब्लिक आपल्याकडे कधी आलं होतं?" त्याने घड्याळ पाहिलं. "नाहीतर माईकवर सांगा, मी केटरिंगवाला, मला जमणार नाही. तेही चालेल. पाच मिनिटांत ठरवा." आणि तो जिना उतरून गेला. संघर्षही मागोमाग गेला, कारण त्याला खालून व्हिडिओ काढायचा होता.

गच्चीवर दोघंच राहिली. खालून लाऊडस्पीकर विमानाच्या नावाने गर्जना करत होता.

"तुला माहीत होतं त्यांना कळलंय ते?" जयवंतांनी विचारलं.

"बायका नळावर माझ्याशी गोड बोलायला लागल्या तेव्हाच कळलं," कांता म्हणाली. "म्हटलं, तुम्ही खूश आहात तर राहा."

जयवंतांनी विमान जवळ ओढलं. मग भाऊंच्या कोपऱ्याला नख लावलं आणि फ्लेक्स ओढला. गोंद ओला होता. भाऊ अर्धे एका बाजूने निघाले, अर्धे दुसऱ्या बाजूने, लाकडी पट्ट्यांसकट. त्यांनी तो गोळा टाकीमागे टाकला, विमान बोटांवर धरलं, आणि नाक जरासं झुकल्यावर पोटाखालच्या खोक्यात फुलं भरली. खोकं त्यांनी बरोबर भाराच्या जागी लावलं होतं, फुलं पडली तरी तोल जाणार नव्हता. कांताने ओवाळलं. जयवंतांनी एका हातात रिमोट धरला आणि दुसऱ्या हाताने विमान कठड्यावरून सोडलं.

विमान जरा झुकलं, सावरलं आणि मैदानावर निघालं. त्याने मंडपावरून मोठा गोल घेतला, इतका सावकाश की खालच्या माना एकत्र वळल्या. बाप्पावर येताच जयवंतांनी बटण दाबलं. झेंडूच्या पाकळ्या मुकुटावर, सोंडेवर, हातातल्या मोदकावर पडल्या, एकही बाहेर नाही. मग विमानाने नाक किंचित उचललं, वेग मारला आणि मंडपापाशी गालिच्यावर असं बसलं की वाटावं तिथेच बनवलं होतं.

मैदानात शांतता पसरली. एखाद्या घरी मयताला जावं आणि मयत दार उघडायला यावं तशी. लोकांनी फोन खाली केले. पहिल्या रांगेतली ठाण्याची बाई शेजारणीला म्हणाली, "पडलं नाही?" शेजारीण म्हणाली, "अगं, यासाठी मी माहेरचा कार्यक्रम सोडला." कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि आपण एकटेच आहोत हे पाहून डास मारल्यासारखं केलं. भाऊ विमानाच्या शेपटीवर स्वतःला शोधत होते आणि सापडत नव्हते.

निलेशला कुठलीही जागा विकता यायची, ही पण त्याने विकली. विमान वर फिरत असताना आमंत्रणावरून आलेले टिपणीस सर त्याच्या शेजारी येऊन बसले होते, आणि त्यांच्याकडून सगळं ऐकून झालं होतं. त्याने माईक घेतला.

"मंडळी, हे विमान ज्यांनी घडवलं ते थोर शास्त्रज्ञ आज आपल्यात आहेत. शिवाजी पार्कचे प्राध्यापक टिपणीस सर. भाऊंच्या हस्ते त्यांचा सत्कार."

जयवंत कठड्याला हात लावून वरून बघत होते. टिपणिसांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं असतं तर हात मोकळे हवेत, आणि हातात नारळ होता. ते माईकवर म्हणाले, "शेपटी हा माझा चाळीस वर्षांचा विषय. तुमचे हे खवणेकर माझ्याकडे आले तेव्हा त्यांना वाटायचं शेपटी विमानाला मागून उचलते." मैदान हसलं. "मी विचारलं, कार्गो की केटरिंग? तर हळूच म्हणतात, केटरिंग." आता मैदान मोकळेपणाने हसलं, इतका वेळ तुंबलेलं सगळं हसून घेतलं. "माझी भाजी मात्र त्यांनी कधी चेपू दिली नाही. तेवढं श्रेय देतो." डोंबिवलीवाल्यांचे तिकिटाचे पैसे वसूल झाले.

जयवंत हे सगळं लाऊडस्पीकरवर ऐकत होते. त्यांनी पहिल्यांदा खरं काम केलं होतं, आणि त्याच दिवशी ते खोटे ठरले होते.

"यापेक्षा पाडलं असतंत तर बरं झालं असतं," कांता म्हणाली. "लोक हसले असते, जेवले असते, गेले असते. आता हे कायमचं."

तेवढ्यात संघर्ष विमान घेऊन वर आला. शेपटीवर नवीन फ्लेक्स होता. लालबागमध्ये फ्लेक्स एक छापत नाहीत. या वेळी भाऊ मोठे होते आणि पट्ट्या जाड, कारण पहिला निघाला होता.

"दादा, भाऊ नाराज झालेत," संघर्ष धापा टाकत म्हणाला. "भाऊंसाठी आणखी एक फेरी. रिमोट द्या, सर खालून चालवणार. तुम्ही फक्त सोडायचं, निलेशने हात केला की."

"सर वर येणार नाहीत? तोलून बघायला?"

"चार जिने? त्यांचे गुडघे गेलेत. आणि शाल घालून बसलेत ते. ते म्हणाले, सोडायला काय अक्कल लागते."

संघर्ष रिमोट घेऊन खाली पळाला. जयवंतांनी विमान पंखांखाली दोन बोटांवर धरलं. शेपटी मघापेक्षा जोरात खाली गेली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शिशाच्या गोळ्या होत्या, नाकात भरायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी खिशावर हात ठेवला. कांता बघत होती.

"घालतलात?" तिने विचारलं.

खाली टिपणीस भाऊंच्या शेजारी बसून रिमोटच्या कांड्या उगाच हलवत होते आणि माईकवर लोकांना सांगत होते की ही शेपटी आता कशी माझ्या बोटांवर नाचेल बघा.

"सरांचं विमान आहे," जयवंत म्हणाले. "सर बघतील."

निलेशने हात केला. जयवंतांनी विमान सोडलं. सरळ, हलक्या हाताने, शिकवलं होतं तसं, कुठेही खोट काढता येणार नाही असं.

विमानाने नाक वर केलं. टिपणिसांनी कांडी पुढे ढकलली. पट्टीची कड खाली गेली, पण शेपटीवर निलेश होता, भाऊ होते, सगळे शुभेच्छुक होते. नाक आणखी वर गेलं. विमान स्टेजच्या वर हवेत उभं राहिलं, काहीतरी विसरल्यासारखं. फ्लेक्सवरचे भाऊ हात जोडून सगळ्या मैदानाला स्पष्ट दिसले. टिपणिसांनी कांडी मोडेपर्यंत दाबली. हवाच वाहत नव्हती तर शेपटी दाबणार कशाला. मग विमान मागे घसरलं, उलटलं आणि नाक खाली करून, शिशासकट, टिपणिसांच्या चेहऱ्यावर आलं. चष्म्याचे दोन तुकडे झाले, नाकाच्या हाडाचा आवाज माईकवरून सगळीकडे ऐकू गेला. पंख भाऊंच्या मोदकाच्या ताटात आडवा झाला आणि फ्लेक्स भाऊंच्या मांडीवर पडला, चेहरा वर.

मैदानातून समाधानाचा एक मोठा आवाज उठला. डोंबिवली, ठाणे, विरार, सगळे उभे राहिले. ज्यासाठी आले होते ते झालं होतं, आणि शाल घातलेल्या माणसावर झालं होतं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्तच.

टिपणिसांनी नाकाला शालीचं टोक लावलं. शाल लाल झाली होती तरी त्यांनी माईक सोडला नाही. "विमान उत्तम आहे," ते नाकातून म्हणाले, "चूक सोडणाऱ्याची. खवणेकरांनी चुकीचं सोडलं."

निलेशने ताबडतोब दुजोरा दिला, कारण भाऊ त्याच्याकडे बघत होते. "पायलटने पाडलं," तो म्हणाला. लोकांनी ते उचललं. पायलटने पाडलं, पायलटने पाडलं, असं म्हणत गर्दी जेवणाकडे वळली. टिपणिसांना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं, पण वाटेत ट्रॉली असल्यामुळे टॅक्सीला मैदानाबाहेर पडायला बराच वेळ लागला. तोपर्यंत व्हिडिओ विरारला पोचला होता.

संध्याकाळी जयवंत गॅलरीत येऊन खुर्चीवर बसले. हळूहळू लोक जमले. आधी दोघं, मग शेजारचे, मग पाहुणे. हसत आले होते, पण विमान पडलं होतं, आणि विमान पडलं की या गॅलरीत काय करायचं हे पायांना ठाऊक होतं.

"काय पायलट, पाडलंत ना," एकाने विचारलं. "काय झालं नक्की?"

"शेपटी जड झाली," जयवंत म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. भार पंखाच्या पुढे का हवा, शेपटी खाली का दाबते, ती लांब का बसवतात, भार मागे गेला की तिच्या हातात काय उरतं, नाक उठल्यावर वेग का संपतो आणि वेग संपल्यावर कितीही कांडी दाबली तरी काही का होत नाही. एकही शब्द चुकीचा नव्हता. लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. कांताने चहा आणून दिला, ऊन ऊन, साखर बरोबर.

"पण दादा," ठाण्याच्या बाईने विचारलं, "शेपटी जड झालीय हे सोडायच्या आधी कळत नाही का हो?"

"कळतं ना," जयवंत म्हणाले. "बोटांवर धरलं की लगेच कळतं." आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

लोक खूप हसले.